कामाचे ठिकाण धूरमुक्त आणि तंबाखूमुक्त करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्नोत्तरे महाराष्ट्रातील खासगी कार्यालये, कारखाने, गोदामे, दुकाने आणि सहकारी संस्था यांचे मालक, व्यवस्थापक, मनुष्यबळ विभागातील मंडळी आणि कामगार प्रतिनिधी यांच्यासाठी आहेत. यातील कायद्याचा भाग सर्वांना सारखाच लागू आहे. बाकीच्या सूचना आपापल्या आस्थापनेचा आकार, कामाचे स्वरूप आणि माणसे पाहून कमी-अधिक करून घ्याव्यात.

कामाच्या ठिकाणी धूम्रपानाला परवानगी द्यायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मालकाला आहे का?

नाही. हा निर्णय कायद्याने केव्हाच घेतलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास देशभर मनाई करण्याचा आदेश दिला. त्या प्रकरणातील याचिकाकर्ते मुरली देवरा हे मुंबईचे, शहराचे महापौरपद भूषवलेले नेते होते. त्यानंतर सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांविषयीचा २००३ चा केंद्रीय कायदा आला. त्याच्या कलम ४ ने सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान बंद केले आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी ‘सार्वजनिक ठिकाण’ या व्याख्येत कामाची ठिकाणे स्पष्ट शब्दांत घातली. म्हणून आपण जे धोरण लिहिणार आहोत ते बंदी आणावी की नाही याविषयीचे नसून, असलेली बंदी आपल्या चार भिंतींत प्रत्यक्ष कशी पाळली जाईल, कोण पाहील, आणि ज्यांना सवय सोडायची आहे त्यांना आस्थापना काय मदत करील, याविषयीचे असते. हा फरक पहिल्याच बैठकीत सर्वांना समजावून सांगितला, तर ‘व्यवस्थापनाने नवे खूळ काढले’ ही तक्रार बरीचशी निवळते.

आमच्याकडे बाहेरचे कोणीच येत नाही. मग आमचे कार्यालय ‘सार्वजनिक’ कसे?

कामाचे ठिकाण म्हणून ते आपोआप व्याख्येत येते; ग्राहक किंवा अभ्यागत येतात की नाही याचा येथे संबंध नाही. साहेबांची बंद केबिन, बैठकीची खोली, उपाहारगृह, भांडारगृह, जिना, लिफ्ट, स्वच्छतागृह, कर्मचाऱ्यांची ने-आण करणारी बस, हे सारे त्यात धरावे.

खरा वाद होतो तो गच्ची, वाहनतळ आणि कारखान्याच्या मोकळ्या आवारावरून. मूळ कायद्याने मोकळी जागा वगळली आहे, तर नियमांनी ही सूट आकुंचित करून खुली सभागृहे, मैदाने, रेल्वे स्थानके, बस थांबे अशा लोकांच्या वावराच्या जागा पुन्हा बंदीच्या कक्षेत आणल्या आहेत. आपली गच्ची यात कोठे बसते, यावर तासन्‌तास काथ्याकूट करता येईल, पण तो करू नये. कुंपणाच्या भिंतीपर्यंतचा सगळा परिसर धोरणात घालून मोकळे व्हावे. आवाराच्या मालकाला आपल्या जागेत कायद्यापेक्षा कडक नियम करता येतो, आणि वातानुकूलन यंत्राचा हवा आत घेणारा भाग बहुधा गच्चीवर किंवा मागच्या बाजूला, म्हणजे नेमका सिगारेट ओढणाऱ्यांच्या घोळक्याजवळच असतो.

काचेची स्वतंत्र खोली करून, तिला चांगला एक्झॉस्ट बसवून धूम्रपान कक्ष केला तर चालेल का?

कार्यालयात किंवा कारखान्यात चालणार नाही, मग त्यावर कितीही खर्च केलेला असो. धूम्रपान कक्षाची मुभा कायद्याने फक्त तिघांना दिलेली आहे : ३० किंवा त्याहून अधिक खोल्यांची हॉटेले, ३० किंवा त्याहून अधिक आसनांची उपाहारगृहे आणि विमानतळ. त्यांच्यासाठीही चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारे दार, आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी राखणारी आणि धूर थेट इमारतीबाहेर सोडणारी यंत्रणा, अशा अटी आहेत, आणि हा कक्ष प्रवेशद्वाराशी किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर असता कामा नये.

कायदा बाजूला ठेवला, तरी ही कल्पना फसवी आहे. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रासायनिक द्रव्ये असतात आणि त्यांतील सुमारे सत्तर कर्करोगकारक आहेत. एक्झॉस्टने वास कमी होतो, पण घातक द्रव्ये पुरेशी कमी होत नाहीत. दार उघडताना प्रत्येक वेळी थोडा धूर बाहेर येतोच, आणि ती खोली झाडण्यासाठी रोज एका सफाई कामगाराला आत जावे लागते, याचा विचार आराखडा काढणाऱ्याने सहसा केलेला नसतो.

फलक कोठे आणि कसा लावायचा?

प्रत्येक प्रवेशद्वाराशी आणि आत ठळकपणे दिसेल अशा जागी. आकार किमान ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर, पार्श्वभूमी पांढरी. त्यावर किमान १५ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ, त्याला किमान ३ सेंटिमीटर रुंदीची लाल कड, मधोमध धूर सोडणारी सिगारेट किंवा विडी आणि तिच्यावर तेवढ्याच रुंदीचा आडवा लाल पट्टा. मजकूर असा असावा : ‘धूम्रपान निषिद्ध क्षेत्र – येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे.’ तक्रार कोणाकडे करायची, त्या व्यक्तीचे नाव जाहीर करणेही बंधनकारक आहे. बहुतेक आस्थापना नेमके हेच विसरतात. दुकानातून आणलेल्या तयार छापील फलकावर नावाची जागा कोरी राहते आणि वर्षानुवर्षे तशीच दिसते. नेमलेली व्यक्ती बदली होऊन गेली, की नाव बदलण्याची जबाबदारी कोणाची हेही लिहून ठेवावे.

याच नियमात आणखी एक कलम आहे. धूम्रपानाला सोयीचे ठरेल असे काही, म्हणजे ॲशट्रे, काड्यापेटी, लायटर, आवारात पुरवता येत नाही. दिवाणखान्याची शोभा म्हणून टेबलावर ठेवलेला पितळी ॲशट्रेसुद्धा उचलावा.

दंड किती आणि तो कोणी भरायचा?

धूम्रपान करणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत. रक्कम किरकोळ आहे हे खरे, पण मालक, व्यवस्थापक किंवा प्रभारी यांच्याकडे तक्रार येऊनही त्यांनी काही केले नाही, तर जितके गुन्हे घडले तितक्यांच्या दंडाइतकी रक्कम त्यांच्याकडून वसूल होऊ शकते. नियमांच्या अनुसूचीत कारवाईचे अधिकार असलेल्यांची यादी दिली आहे. खासगी कार्यालयांसाठी त्यात संस्थाप्रमुख, मनुष्यबळ व्यवस्थापक किंवा प्रशासनप्रमुख यांचा समावेश आहे. हे अधिकार वापरायचे असल्यास पावतीपुस्तक आणि भरणा करण्याची पद्धत यांची चौकशी जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाकडे करावी.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. हा दंड परस्पर पगारातून कापू नये. वेतनातील कपातीवर कामगार कायद्यांची स्वतंत्र बंधने आहेत आणि दोनशे रुपयांसाठी वेतनाचा वाद ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

धोरण फक्त सिगारेट-विडीपुरते ठेवावे, की तंबाखू खाण्यालाही लागू करावे?

आमच्या मते हा या साऱ्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. धूरमुक्त धोरणांचे बरेचसे मसुदे परदेशी मुख्यालयाकडून आलेले किंवा तेथून उचललेले असतात, आणि तेथे तंबाखू म्हणजे प्रामुख्याने सिगारेट. आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. एकूण प्रौढांपैकी धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते, धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. काही जण दोन्ही घेतात म्हणून बेरीज जुळत नाही, पण प्रमाण स्पष्ट आहे. ज्या कारखान्यात शंभरातले तीन-चार जण ओढतात आणि वीस-पंचवीस जण खातात, तेथे केवळ धुराबद्दलचे धोरण म्हणजे कागदावरचे समाधान होय.

कायद्याची अडचण अशी की, कलम ४ धूम्रपानापुरतेच आहे. कोणी यंत्राशेजारी उभा राहून डाव्या तळव्यावर तंबाखू-चुना मळतो, दोन थापट्या मारतो आणि बार भरतो, तेव्हा तो या कलमाचा भंग करत नसतो. सहकाऱ्याच्या डोळ्यांत चुन्याची धूळ गेली तरीही नाही. म्हणून ही उणीव आस्थापनेच्या स्वतःच्या नियमांनीच भरून काढावी लागते. धोरणात पदार्थांची नावे मोघम न ठेवता आपल्या भागातल्या बोलीतली लिहावीत : तंबाखू-चुना, जर्दा, मावा, खर्रा, गुटखा, तंबाखूची मिश्री. विदर्भातल्या कारखान्यात ‘तंबाखूजन्य पदार्थ’ असे लिहून खर्‍याचा उल्लेख टाळला, तर ‘आम्ही तंबाखू कोठे खातो, खर्रा खातो’ असे उत्तर हमखास मिळते. मिश्रीचे नाव घेणे आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. ती लावणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे, आणि तंबाखूविषयीचे कार्यक्रम आखताना समोर पुरुष कामगारच असतात, अशी समजूत करून घेतली जाते.

गुटख्याचा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्पादन, साठवण आणि विक्री यांवर महाराष्ट्रात २०१२ पासून अन्नसुरक्षा कायद्याखाली बंदी आहे आणि ती वेळोवेळी आदेश काढून चालू ठेवली गेली आहे. कॅन्टीनचा पोऱ्या किंवा फाटकावरचा रक्षक पुड्या विकत असेल, तर तो शिस्तीचा साधा प्रश्न राहत नाही.

थुंकण्याचे काय करावे?

तंबाखू खाणे बंद झाले तर थुंकणेही बंद होते, पण मधला काळ अवघड असतो. कारखान्यांविषयीच्या १९४८ च्या कायद्यात पुरेशा पिकदाण्या ठेवण्याचे कलम होते आणि पिकदाणीबाहेर थुंकणाऱ्यास कमाल पाच रुपये दंड होता. त्या काळी पिकदाणी हाच आरोग्याचा उपाय मानला जात असे. आज नव्या पिकदाण्या मांडणे म्हणजे खाण्याला मूक संमती देण्यासारखे आहे. शक्यतो त्या टप्प्याटप्प्याने काढाव्यात, जिन्याचे कोपरे फिकट रंगाने रंगवावेत, तेथे चांगला दिवा लावावा आणि डाग पडला की त्याच दिवशी पुसून घ्यावा. डागाशेजारी डाग पडतो. स्वच्छ भिंतीवर पहिली पिचकारी मारताना माणूस थोडा तरी कचरतो.

जिन्याच्या कोपऱ्यात देवदेवतांच्या टाइल्स लावण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आढळते. ती टाळावी. एकतर श्रद्धेचा असा वापर अनेकांना बोचतो, आणि दुसरे म्हणजे थुंकणारा टाइल सोडून दोन फूट अलीकडे थुंकतो.

शासकीय आणि सार्वजनिक संस्थांच्या इमारतींत तसा सूचनाफलक लावलेला असताना धूम्रपान करणे किंवा थुंकणे हा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ११६ खालीही अपराध आहे. महामंडळे आणि नगरपरिषदांनी याचा उपयोग करावा.

ई-सिगारेट आणि हुक्का?

दोन्ही धोरणात नावानिशी घालावेत. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर २०१९ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे ‘हे तर सोडण्याचे साधन आहे’ हा युक्तिवाद ऐकून घेण्याचे कारण नाही. हुक्का पार्लरवर महाराष्ट्राने २०१८ मध्ये राज्य दुरुस्तीने बंदी घातली. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल आवारातील, हुक्क्याच्या निखाऱ्यांशी जोडल्या गेलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला होता.

सुरुवात कोठून करावी?

आधी माहिती घ्यावी. नाव न विचारता भरून घेतलेला एक पानाचा तक्ता पुरतो : काय घेता, दिवसातून किती वेळा, कामावर असताना घेता का, सोडण्याचा विचार आहे का, आणि दुसऱ्याच्या धुराचा त्रास होतो का. उत्तरे पाहून व्यवस्थापनाला बहुधा दोन धक्के बसतात. ‘सोडायचे आहे’ असे लिहिणाऱ्यांची संख्या अपेक्षेपेक्षा मोठी निघते, आणि त्रास होऊनही आजवर गप्प बसलेल्यांचीही. देशपातळीवर वर उल्लेखलेल्या सर्वेक्षणात, बंदिस्त जागेत काम करणाऱ्या प्रौढांपैकी ३०.२ टक्क्यांना कामाच्या ठिकाणी दुसऱ्याच्या धुराला तोंड द्यावे लागत असल्याचे आढळले होते, तेही नियम येऊन आठ वर्षे झाल्यावर.

त्यानंतर लहानशी समिती नेमावी. तिच्यात कामगार संघटनेचा प्रतिनिधी, सुरक्षा अधिकारी, एखादी महिला कर्मचारी आणि स्वतः तंबाखू सोडलेली एक व्यक्ती असावी. सध्या खाणारा किंवा ओढणारा एक जणही असू द्यावा. मसुद्यातील अव्यवहार्य कलमे त्याच्याच प्रथम लक्षात येतात. मसुदा जाहीर करून हरकती मागवाव्यात आणि जाहीर केल्यापासून अंमलापर्यंत दोन-तीन महिन्यांची मुदत द्यावी. अर्थात ही मुदत तंबाखू खाण्याच्या नव्या नियमापुरती आहे. धूम्रपानाची बंदी आधीपासूनच कायद्याने लागू असल्याने तिला मुदत देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मुहूर्त म्हणून ३१ मेचा जागतिक तंबाखूविरोधी दिन सर्वांनाच सुचतो. त्या दिवशी सामूहिक शपथ घेतली जाते, छायाचित्र निघते आणि १ जूनला सारे पूर्ववत सुरू होते. शपथ जरूर घ्यावी, पण समुपदेशनाची सोय, फलक आणि तक्रार अधिकारी आधी तयार असावेत.

वरिष्ठच केबिनमध्ये ओढत असतील तर?

तर धोरण आणूच नये, असे म्हणावेसे वाटते. बाकी साऱ्या त्रुटी कालांतराने भरून काढता येतात, ही नाही. शिपायाला जिन्यात विडी ओढताना पकडून समज द्यायची आणि संचालकांच्या केबिनमधून धूर बाहेर येताना पाहून न पाहिल्यासारखे करायचे, असे एकदा घडले की तळमजल्यापर्यंत बातमी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी पोहोचते. म्हणून समितीने अंमलाच्या आधी वरिष्ठांशी स्वतंत्रपणे बोलावे आणि पहिला ॲशट्रे त्यांच्या केबिनमधून बाहेर काढावा. मोठ्या ग्राहकासाठी, परदेशी पाहुण्यांसाठी किंवा वर्धापनदिनाच्या समारंभासाठी सवलत ठेवू नये. पाहुण्यांना निमंत्रणपत्रातच तसे नम्रपणे कळवता येते, आणि परदेशी पाहुण्यांना त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. आयर्लंडने २००४ मध्येच देशातील पबसह जवळपास सर्व बंदिस्त कामाची ठिकाणे धूरमुक्त केली होती.

धूम्रपान करणे हा वैयक्तिक हक्क आहे, असे कोणी म्हटल्यास काय उत्तर द्यावे?

घरी कोणी काय करावे याविषयी धोरण काही म्हणत नाही. शेजारच्या मेजावर बसणाऱ्याला आठ तास कोणती हवा मिळावी, एवढ्यापुरतेच ते आहे. याच कारणासाठी ‘धूम्रपान करणाऱ्यांनी अर्ज करू नये’ अशी अट भरतीच्या जाहिरातीत घालणे आम्हाला पटत नाही. धोरणाचा रोख जागेवर असावा, माणसावर नव्हे.

तलफ आली म्हणून दर तासाला बाहेर जाणाऱ्यांचे काय? इतरांना हे अन्यायाचे वाटते.

सुट्टी सर्वांना सारखी द्यावी आणि तिचा उपयोग कोणी कसा करायचा हे विचारू नये. ‘सुट्टा ब्रेक’ नावाची वेगळी सवलत कोणालाही नको. पाळीत काम चालते तेथे प्रश्न अधिक नाजूक असतो, कारण एक माणूस जागेवरून उठला की पुढची साखळी थांबते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत, सोडण्याचा प्रयत्न करणाऱ्याला पर्यवेक्षकाने पाच मिनिटे चालून येऊ द्यावे, पाणी पिऊन येऊ द्यावे. तलफेची तीव्र लाट काही मिनिटांत ओसरते.

फाटकाबाहेरच्या टपरीमुळे सारे मुसळ केरात जाते. ती हटवता येईल का?

शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला बंदी आहे. कार्यालय किंवा कारखाना यांच्याबाबत तशी तरतूद नाही. टपरीवाला परवान्याने धंदा करत असेल, तर त्याच्यामागे लागण्यापेक्षा आपल्या माणसांसाठी आवारातच चांगला चहा आणि बसायला सावली देणे अधिक उपयोगी पडते. निम्मे लोक टपरीवर जातात ते चहासाठी आणि गप्पांसाठी; सिगारेट तेथे ओघाने पेटते. फाटकाच्या कमानीखाली घोळका उभा राहू नये, एवढे मात्र रक्षकाने पाहावे, कारण आत येणाऱ्या प्रत्येकाला त्या धुरातूनच यावे लागते.

नियम मोडणाऱ्यावर कोणती कारवाई करावी?

पायऱ्या आधीच लिहून ठेवाव्यात : पहिल्या वेळी तोंडी समज आणि समुपदेशकाची भेट, दुसऱ्या वेळी लेखी समज, त्यापुढे कारणे दाखवा नोटीस आणि खुलासा पाहून शिस्तभंगाची कारवाई. स्थायी आदेश (कामाच्या अटी आणि शिस्त यांविषयीचे प्रमाणित नियम) लागू असलेल्या आस्थापनेत धोरण त्यांच्याशी सुसंगत हवे. ते कामगार कायद्याच्या सल्लागाराकडून तपासून घ्यावे, विशेषतः नव्या श्रमसंहितांच्या संदर्भात. ज्वालाग्राही द्रव्यांच्या आवारात काडी ओढणे आणि हिशेब विभागात तंबाखूचा बार भरणे यांना एकच शिक्षा असू शकत नाही. पहिल्यात इतरांचा जीव जातो. दुसऱ्यासाठी थेट नोकरीवर गदा आणली, तर ती कारवाई न्यायालयात टिकणे कठीण आणि कामगारांच्या मनातून धोरण उतरणे सोपे.

कंत्राटी कामगार, चालक आणि सुरक्षा रक्षक यांना धोरण लागू होते का?

होते, आणि ते कंत्राटाच्या अटींत लिहावे. मात्र त्यांना नियम लावताना मदतीतूनही वगळू नये. समुपदेशनाच्या शिबिरात ‘फक्त कायम कर्मचाऱ्यांसाठी’ अशी पाटी लागलेली असते, आणि रात्रभर जागून पहारा करणारा रक्षक किंवा मालवाहतुकीचा चालक, ज्याला झोप टाळण्यासाठी तंबाखूची सवय जडली, तो बाहेर राहतो. रासायनिक कारखान्यांत काड्यापेटी आणि लायटर फाटकावर काढून घेण्याची पद्धत पूर्वीपासून आहे. तेथे तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबीही त्याच खोक्यात ठेवून घेता येते. खोक्याला क्रमांक असावा आणि घरी जाताना वस्तू परत मिळावी. खिसे चाचपण्याचा प्रकार करू नये, आणि कामगारांना जो नियम, तोच मोटारीतून येणाऱ्या अधिकाऱ्यांना असावा.

सवय सोडू इच्छिणाऱ्यांना आस्थापना नेमकी कोणती मदत करू शकते?

निकोटिनचे व्यसन हे शारीरिक व्यसन आहे. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड, डोके दुखणे, झोप न लागणे, लक्ष न लागणे, बद्धकोष्ठ असे त्रास होतात आणि ते साधारण दोन ते चार आठवड्यांत कमी होत जातात. या काळात माणूस कामावरच असतो, म्हणून त्याच्या पर्यवेक्षकाला हे ठाऊक असणे कोणत्याही भित्तिपत्रकापेक्षा मोलाचे आहे.

पहिली विनाखर्च सोय म्हणजे राष्ट्रीय क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडण्यासाठी फोनवरून समुपदेशन करणारी सेवा. तिचा १८००-११-२३५६ हा क्रमांक तंबाखूच्या वेष्टनावरच छापलेला असतो. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातही तिचे एक केंद्र असून मराठीतून समुपदेशन मिळते. ही सेवा सोमवारी बंद असते. ‘सोमवारपासून सोडतो’ म्हणणाऱ्यांनी मंगळवार धरावा. जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्ती समुपदेशन उपलब्ध असते आणि अनेक दंत महाविद्यालयांतही अशी केंद्रे चालतात. त्यांना वर्षातून दोनदा कारखान्यात बोलावून मौखिक तपासणी करून घ्यावी. तपासणीत डॉक्टर तोंड उघडायला सांगतात आणि उभी धरलेली तीन बोटे आत जातात का ते पाहतात. सुपारी-खर्रा खाणाऱ्या एखाद्या तरुणाच्या तोंडात जेमतेम दोन जातात. त्या क्षणी त्याला जे कळते, ते तासभराच्या व्याख्यानाने कळत नाही. अशांना पुढील तपासणीसाठी पाठवण्याची जबाबदारी आस्थापनेने घ्यावी आणि तो दिवस भरपगारी धरावा. तपासणीचा निकाल गोपनीय राहील याची लेखी हमी द्यावी, नाहीतर पुढच्या खेपेला कोणी फिरकणार नाही.

निकोटिनचे च्युइंगगम आणि पॅच, तसेच डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणारी औषधे यांचा खर्च पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी उचलता आला तर जरूर उचलावा. निकोटिनचा च्युइंगगम नेहमीच्या गोळीसारखा सतत चघळायचा नसतो. थोडा चावून, तोंडात झणझणी आली की गालात धरून ठेवायचा असतो. हे न सांगितल्यामुळे मळमळून अनेक जण दुसऱ्याच दिवशी तो टाकून देतात. सोडलेली सवय पुन्हा लागली, तर त्याला अपयश ठरवू नये. बहुतेकांना ती कायमची सुटण्याआधी अनेकदा प्रयत्न करावे लागतात.

टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रतिबंधात्मक कर्करोगशास्त्र विभागाने रत्नागिरी जिल्ह्यातील रासायनिक उद्योगात कामाच्या जागीच असा कार्यक्रम राबवलेला आहे. त्यामुळे हे सारे महानगरांतल्या मोठ्या कंपन्यांनाच जमते, असे मानण्याचे कारण नाही.

आमचे पाच-सहा जणांचे दुकान आहे. एवढे सगळे करावे लागेल का?

फलक, तक्रारीसाठी नाव आणि ॲशट्रे न ठेवणे या तीन गोष्टी कायद्यानेच आवश्यक आहेत. समिती वगैरेची गरज नाही. मालकाने स्वतः दुकानात ओढणे-खाणे थांबवले आणि क्विटलाइनचा क्रमांक गल्ल्याजवळ लावला, की पुरे.

गोव्यात आणि इतर राज्यांत आमच्या शाखा आहेत. एकच धोरण चालेल का?

केंद्रीय कायदा सगळीकडे सारखाच आहे. गोव्याचा धूम्रपान आणि थुंकणे यांना मनाई करणारा स्वतःचा कायदा १९९७ पासून आहे, म्हणजे केंद्राच्याही आधीचा. इतर राज्यांतही दुरुस्त्या झालेल्या असू शकतात. मुख्य धोरण एकच ठेवून राज्यवार परिशिष्ट जोडावे.

धोरणाचा मजकूर केवढा असावा?

एका पानात मावेल एवढा. नमुन्यादाखल मुख्य परिच्छेद असा लिहिता येईल : ‘आस्थापनेच्या कुंपणाच्या आतील संपूर्ण परिसरात आणि आस्थापनेच्या सर्व वाहनांत सिगारेट, विडी, ई-सिगारेट अथवा हुक्का ओढण्यास, तसेच तंबाखू, जर्दा, मावा, खर्रा, गुटखा किंवा मिश्री यांचे सेवन करण्यास, ते बाळगण्यास, विकण्यास किंवा दुसऱ्यास देण्यास आणि थुंकण्यास मनाई आहे. हा नियम संचालक, कर्मचारी, कंत्राटी कामगार, प्रशिक्षणार्थी आणि अभ्यागत या सर्वांना लागू आहे. फाटकावर जमा केलेल्या वस्तू जाताना परत मिळतील. सवय सोडू इच्छिणाऱ्यांस समुपदेशन व औषधोपचारासाठी मदत केली जाईल आणि त्याविषयीची माहिती गोपनीय ठेवली जाईल.’ त्याखाली तक्रार अधिकाऱ्याचे नाव, अंमलाची तारीख, पुनर्विलोकनाची तारीख आणि सर्वोच्च अधिकाऱ्याची स्वाक्षरी असावी. मजकूर मराठीत आणि हिंदीत लावावा, परप्रांतीय कामगार अधिक असतील तेथे त्यांच्या भाषेतही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पाळी सुरू होताना तो मोठ्याने वाचून दाखवावा.